लोखंड धरणारे हात : प्रस्तावना

वजन उचलण्याच्या व्यायामावरचं कुठलंही पुस्तक उघडा. गुडघ्यावर प्रकरण असतं, कमरेवर असतं, खांद्यावर तर दोन-दोन असतात. तळहाताच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो आणि तोही ‘चॉक लावा’ एवढं सांगून संपतो. मांड्या आणि पाठ कितीही कमावलेल्या असोत, त्यांची ताकद लोखंडापर्यंत पोचते ती बोटांमधूनच. डेडलिफ्टच्या दिवशी बोटांच्या मुळाशी कातडी फाटली, की पुढचा आठवडाभर पुल-अप नाही, स्नॅच नाही, केटलबेल नाही. घरी कणीक मळणंसुद्धा जिवावर येतं. वजन उचलणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. तरीही ही माहिती एका जिममधून दुसऱ्या जिममध्ये तोंडीच फिरत राहिली, थोडी खरी आणि बरीचशी ऐकीव.

या विषयाकडे दोन प्रकारच्या माणसांनी पाहिलं आणि दोघांनीही अर्धंच पाहिलं. प्रशिक्षकांना फाटलेला तळवा म्हणजे मेहनतीची खूण वाटली. ‘होतं असं, सवय होईल’ म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. सौंदर्याबद्दल लिहिणाऱ्यांनी हातांकडे मन लावून पाहिलं, पण त्यांना ते हात मऊ करायचे होते. ऐंशी किलोचा बार जमिनीवरून उचलणाऱ्या बाईला पूर्ण मऊ हात परवडत नाही आणि फाटका हातही परवडत नाही. तिला तिसऱ्याच प्रकारचा हात हवा असतो : जाड पण सपाट, कणखर पण लवचीक, नखं आखूड पण निरोगी. असा हात आपोआप होत नाही, तो राखावा लागतो. घट्टा खरवडून नाहीसा करायचा नाही आणि वाढू देऊन मिरवायचाही नाही. हे राखणं सरावाचाच भाग आहे, या एका म्हणण्यावर हे सगळं पुस्तक उभं आहे.

बाईच्या तळहातावरचे घट्टे महाराष्ट्राला नवे नाहीत. पहाटे जात्याचा खुंटा धरून दळणाऱ्या बायकांच्या हातांवर ते होते. खुरपं चालवणाऱ्या, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या, बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या हातांवर ते आजही आहेत. या हातांसाठी कुणी प्रयोगशाळेत मलम शोधलं नाही, बायकांनीच आपापले उपाय शोधले. कोकणात भेगांमध्ये कोकमाचं तेल कोमट करून भरतात, गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. घाटावर राळेचं मलम आहे, मेण आणि तेल एकत्र कढवून केलेलं मलम आहे, आणि काहीच नसलं तर निजताना चोळलेलं खोबरेल आहे. यातल्या बहुतेक उपायांमागचं तत्त्व आजच्या त्वचाशास्त्राला मान्य होण्यासारखं आहे : कातडीतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तिच्यावर तेलकट थर चढवायचा. मात्र जिममधल्या बाईला या परंपरेची थेट वारस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिने तिचे घट्टे निवडलेले आहेत. तळवा फाटला तर ती चार दिवस बार बाजूला ठेवू शकते; ऊसतोड करणारीला कोयता बाजूला ठेवता येत नाही. हा फरक विसरून हातांच्या काळजीबद्दल लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं असतं, म्हणून तो सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

आता खुद्द तळहाताकडे वळू. शरीरावर जवळपास सगळीकडे कातडीत तैलग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय याला अपवाद आहेत. घामाच्या ग्रंथी मात्र तिथे दाट असतात. म्हणजे तळहात भरपूर घामेजतो, पण स्वतःला तेल पुरवू शकत नाही. वरून मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, म्हणजे आपला चॉक, तो घाम शोषून घेते. सराव झाल्यावर चॉक धुतला नाही तर कातडी कोरडी पडत जाते, आणि कोरडी जाड कातडी वाकण्याऐवजी तडकते. ‘मी तर रोज चॉक लावते, तरी हात फाटतात’ अशी तक्रार सतत ऐकू येते. तिचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. चॉक लावण्यात चूक नसते, तो हातावर तसाच ठेवून रिक्षात बसून घरी जाण्यात असते.

घट्टा हा शरीराने घडवलेला बचाव आहे. एकाच जागी वारंवार दाब आणि घर्षण झालं, की तिथला सर्वांत वरचा थर, केराटिनने भरलेल्या मृत पेशींचा, जाड होत जातो. हे हळूहळू झालं तर घट्टा पडतो. अचानक, एकाच दिवसात फार झालं तर वरचे थर आतल्या थरांपासून सुटतात, मधल्या जागेत पाणी भरतं आणि फोड येतो. आणि घट्टा वाढून त्याचा उंचवटा झाला, कडा उभी राहिली, की तिसरीच गोष्ट घडते. बार फिरताना त्या उभ्या कडेला पकडतो आणि कठीण भाग जिथे मऊ कातडीला भेटतो तिथून पापुद्रा सोलून काढतो. जिममध्ये ज्याला ‘हात फाटला’ म्हणतात ते हेच. घट्टा कमी पडला म्हणून हात फाटला, असं बऱ्याच जणींना वाटतं. अनुभवी लिफ्टरच्या बाबतीत कारण बहुधा उलट असतं, घट्टा जास्त झालेला असतो.

हा उंचवटा अनामिका आणि मधल्या बोटाच्या मुळाशीच का येतो? बहुतेक नवशिक्या मुली बार तळव्याच्या मधोमध ठेवून मूठ आवळतात. पकड तेव्हा घट्ट वाटते. बार जमिनीवरून सुटला की वजन त्याला खाली ओढतं, तो तळव्यातून बोटांकडे घरंगळतो आणि जाताना बोटांच्या मुळाशी कातडीची घडी चिमटून ठेवतो. मुळातच बार बोटं जिथून सुरू होतात त्या रेषेवर ठेवला, तर घरंगळायला जागाच उरत नाही आणि घडी पडत नाही. हातांची निगा क्रीमच्या डबीपासून सुरू होते असं मानणाऱ्या वाचकांना हे खटकेल, पण पकड सुधारणं हा या विषयातला सर्वांत मोठा उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पुस्तकात पकडीला इतकी पानं दिली आहेत ती त्यासाठीच.

स्त्रियांच्या हातांचा वेगळा विचार करायचा तर त्यांच्या हातात कोणता बार दिला गेला, हेही पाहावं लागतं. अमेरिकेत सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर १९४०च्या दशकात अ‍ॅबी ‘पजी’ स्टॉक्टन वजनं उचलत होती आणि स्त्रियांनी वजनं उचलावीत म्हणून ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’ या मासिकात सदरही लिहीत होती. पण स्पर्धेचा दरवाजा उघडायला फार वेळ लागला. पॉवरलिफ्टिंगची स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथे झाली, वेटलिफ्टिंगची १९८७ साली फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचं वेटलिफ्टिंग आलं ते २००० साली, सिडनीत. त्याच वेळी करणम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक जिंकलं आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. तिच्या आधी मणिपूरच्या कुंजराणी देवीने १९८९च्या मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेपासून भारतासाठी पदकं आणायला सुरुवात केली होती. मणिपूरचीच मीराबाई चानू टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात रौप्यपदक घेऊन आली. तिथे तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पटींहून जास्त. जमिनीवरून ओढताना हे सगळं वजन बारवर आडव्या धरलेल्या अंगठ्यावर आणि त्याला वरून दाबणाऱ्या दोन बोटांवर पेललेलं असतं.

या प्रवासात स्त्रियांसाठी वेगळा बार तयार झाला. वेटलिफ्टिंगमध्ये पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा, स्त्रियांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी लहान हाताने दोन्ही बारवर अंगठा अडकवून पाहावा. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र स्त्रियांना २० किलोचा जाड बारच उचलावा लागतो, आणि आपल्या गावा-शहरांतल्या बहुतेक जिममध्येही एकच प्रकारचा बार असतो, जो पुरुषांच्या पंजाच्या मापाने बनलेला आहे. त्याच्यावरचे खवले, म्हणजे पकड बसावी म्हणून केलेली जाळीदार खरखर, कुठे झिजून गुळगुळीत झालेली असते, कुठे नवी असून कानशीसारखी टोचते. हात का फाटतात हे विचारणाऱ्या मुलीला तिच्या कातडीबद्दल बोलण्याआधी तिच्या बारबद्दल विचारायला हवं.

हातांच्या निगेचे निरनिराळे संप्रदाय निरनिराळ्या खेळांमध्ये घडले. नव्या वाचकाने ते ओळखून ठेवावेत, कारण इंटरनेटवर मिळणारा प्रत्येक सल्ला यांपैकी कुठल्या तरी एका घराण्याचा असतो आणि दुसऱ्या घराण्यात तो चुकीचा ठरू शकतो.

वेटलिफ्टिंगवाल्यांचं सगळं ध्यान अंगठ्यावर असतं. त्यांची हुक पकड, म्हणजे अंगठा बारवर आडवा ठेवून पहिल्या दोन बोटांनी त्याला दाबून धरणं, पहिले काही आठवडे फार दुखते. नखाच्या कडेची कातडी चिरते, कधी नखाखाली रक्त साकळतं. यांचा मुख्य उपाय लवचीक चिकटपट्टी, अंगठ्याचा सांधा वाकेल अशी गुंडाळलेली. स्पर्धेच्या नियमांत ती चालते, फक्त बोटाच्या टोकापुढे जाता कामा नये. पट्टे, म्हणजे मनगटातून बारला गुंडाळायचे स्ट्रॅप, स्पर्धेत चालत नाहीत. सरावात स्नॅचसाठी आणि ओढण्याच्या व्यायामांसाठी ते वापरून हातांना विश्रांती देता येते. क्लीनसाठी मात्र वापरू नयेत, कारण बार खांद्यावर घेताना हात सुटला नाही तर मनगट मोडू शकतं.

पॉवरलिफ्टिंगमध्ये बार फक्त डेडलिफ्टला ओढायचा असतो, पण तो बहुधा सर्वांत जड असतो. तिथे अंगठ्याभोवती पट्टीचे दोन थर चालतात, हातमोजे चालत नाहीत. एक हात सुलटा आणि एक उलटा अशी मिश्र पकड तिथे रूढ आहे. तिच्यामुळे दोन्ही तळव्यांवर घट्टे वेगवेगळ्या जागी पडतात आणि ज्या बाजूची कधी काळजी घेतली नव्हती ती अचानक फाटते.

बॉडीबिल्डिंगच्या घराण्यात हातमोजे आले आणि आपल्याकडच्या जिममध्ये स्त्रियांना पहिल्याच दिवशी तेच हातात दिले जातात. गंभीरपणे वजन उचलणाऱ्या मंडळींमध्ये हातमोज्यांना हिणवण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. मोज्याने बार जाड होतो आणि लहान पंज्याची पकड कमजोर होते, आतल्या आत कापडाची घडी कातडीला घासते, हे खरं आहे. पण ज्या बाईच्या हाताला इसब आहे, जी दिवसभर रुग्णालयात हात जंतुनाशकाने धुते किंवा ज्या बाईला मोजे घातल्याशिवाय जिममध्ये पाऊल टाकायचा धीर होत नाही, तिने ते घालावेत. ती आली आणि टिकली तर पुढचं शिकता येतं.

जिम्नॅस्ट आणि क्रॉसफिट करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे बारवर लटकून झोके घेत एका दमात खूप पुल-अप मारले जातात. वजन शरीराचंच असतं, पण घासणं प्रचंड. हात फाटण्याबद्दल सर्वांत जास्त बोलणं याच गोटातून सुरू झालं. घट्टे घासून सपाट ठेवण्याची साधनं, तळव्यावर बांधायच्या चामड्याच्या पट्ट्या, फाटल्यावर लावायची मलमं, हे सगळं तिथून बाकीच्यांकडे आलं. फाटलेल्या, रक्ताळलेल्या तळव्याचे फोटो अभिमानाने दाखवण्याची रीतही तिथूनच आली. त्या फोटोंवर जितकं कौतुक होतं तितकं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. फाटलेला तळवा पाहून नवी मुलगी समजते की मेहनत म्हणजे हेच. याउलट केटलबेलच्या स्पर्धेत दहा मिनिटं केटलबेल खाली न ठेवता स्नॅच मारावे लागतात. तिथे ज्याचा हात फाटला तो हरला. म्हणून त्या खेळातली माणसं तळव्याची काळजी सर्वांत शांतपणे आणि सर्वांत नेटाने घेतात. शिकायचंच असेल तर त्यांच्याकडून शिकावं.

आणि एक घराणं आपल्या मातीतलं आहे. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात, पकडीसाठी राळेची पूड वापरतात, आणि दोरीच्या मल्लखांबावर मुली सुती दोर हाता-पायांच्या बोटांत धरून सरसर वर जातात. मुंबई-पुण्यातल्या आखाड्यांत कित्येक दशकांपासून मुलींच्या हातांची ही समज साठलेली आहे : दोर कुठे भाजतो, कोवळ्या मुलीला रोज किती वेळ चढवावं, पावसाळ्यात दोर ओलसर झाला की काय करावं. जिम आणि आखाडा यांच्यात बोलणंच होत नसल्यामुळे ही समज बारबेलवाल्यांपर्यंत पोचली नाही. या पुस्तकात तो पूल बांधण्याचा प्रयत्न आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

घट्टा सपाट कसा ठेवायचा, याबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, आंघोळीनंतर कातडी मऊ असताना वजरीने हलक्या हाताने घासावं. दुसरं म्हणतं, कोरड्या हातावर बारीक कानस फिरवावी, म्हणजे किती जातंय ते दिसतं आणि जास्त घासलं जात नाही. दोन्ही चालतात. पहिल्या मताच्या बायकांनी हात थांबवायला शिकावं एवढंच. ब्लेडने घट्टा तासण्याच्या मी विरोधात आहे. सवय असलेल्या खेळाडूला ते जमतं, घरी आरशासमोर बसून करणाऱ्या बाईला जमेलच असं नाही, आणि मधुमेह असलेल्या बाईने तर त्या वाटेला जाऊच नये. मलमांमध्ये युरिया असलेलं मलम उपयोगी आहे : कमी प्रमाणात ते कातडीत ओलावा धरून ठेवतं, जास्त प्रमाणात जाड थर मऊ करून सोडवतं. ते रात्री लावायचं. सरावाआधी लावलं तर पकडही जाते आणि कातडी जास्त सहज फाटते.

नखांबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण या विषयाची टिंगल सर्वांत जास्त इथेच होते. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर लांब, रंगवलेल्या नखांनिशी धावली आणि जिंकली. तिची नखं तिच्या आणि धावपट्टीच्या मध्ये येत नव्हती. बार धरणाऱ्या बाईची नखं बारच्या आणि तळव्याच्या मध्ये येतात. मूठ आवळली की लांब नख तळव्यात रुततं, हुक पकडीत अंगठ्याचं नख मागे दाबलं जातं, आणि बार खांद्यावर घेताना बोटं मागे वळली की नखाला तरफेसारखा झटका बसून ते खालच्या मांसापासून सुटतं. एकदा सुटलेलं नख पुन्हा चिकटत नाही, नवंच यावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सुमारे सहा महिने. म्हणून बोटाच्या टोकाइतकीच लांबी ठेवावी आणि कोपरे किंचित गोल असावेत. नखांना रंग लावायला कुठलीही आडकाठी नाही. जेल किंवा अ‍ॅक्रिलिकचं कवच मात्र वेगळं. ते स्वतः मोडत नाही, झटका खालच्या खऱ्या नखाला देतं, आणि ते खरवडून काढताना खरं नख पातळ होतं. लग्नसराईत ते लावायचंच असेल, तर त्या काळात कोणते व्यायाम सुरू ठेवता येतील याचा विचार पुस्तकात केला आहे. बाईला सजणं सोडायला सांगून कोणाचंच भलं होत नाही. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नये हेही इथेच सांगून ठेवते. ती कापली की जंतूंना वाट मिळते, आणि नखुरडं झालेल्या बोटाने कॉफीचा मगसुद्धा धरवत नाही.

नखं आणखी एक गोष्ट सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांहून थोडा जास्त. लोह फार कमी झालं की नखं पातळ होतात, तुटतात, कधी चमच्यासारखी खोलगट होतात. ज्या मुलीची नखं सतत चिरतात आणि जिचं उचलायचं वजन महिनोन्महिने पुढे सरकत नाही, तिला आपण तेलं आणि गोळ्या सुचवत बसतो. तिला आधी रक्ततपासणी हवी असते. बायोटिनच्या गोळ्यांबद्दल एक इशारा : त्या थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतात, म्हणून तपासणीआधी त्या घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

आपल्याकडच्या बाईचे हात जिममधून बाहेर पडल्यावर विश्रांती घेत नाहीत, आणि परदेशी पुस्तकांमध्ये हा भाग सहसा नसतो. सकाळी डेडलिफ्ट केलेले हात दुपारी भांड्याच्या साबणात असतात, संध्याकाळी कणकेत, मध्येच हिरवी मिरची चिरतात. साबण आणि पाणी यांनी कातडी फुगते, मग कोरडी पडते, आणि अशा हाताने दुसऱ्या दिवशी बार धरला तर काल टिकलेला घट्टा आज सुटतो. फाटलेल्या तळव्याला मिरची लागली की काय होतं हे लिहायची गरज नाही. भांडी घासताना मोजे घालणं हा सल्ला साधा आहे, पण कित्येक घरांत तो अमलात आणायला सासूबाईंशी बोलावं लागतं. तशीच बांगड्यांची गोष्ट. नव्या नवरीने हिरवा चुडा उतरवू नये असं घरात म्हणतात, आणि काचेच्या बांगड्या घालून क्लीन करणं धोक्याचं आहे. अंगठीखाली बार आला की तिच्या दोन्ही बाजूंना कातडी चिमटते, आणि अंगठी कुठे अडकली तर बोटाला गंभीर दुखापत होऊ शकते. या गोष्टी नियमांच्या पुस्तकात बसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. पुस्तकात त्यांच्यावर बायका स्वतः बोलल्या आहेत, एकमेकींना कसं समजावलं, घरच्यांना कसं समजावलं, यासकट. ‘अगं, लग्नाच्या मुलीचे हात असे?’ हे वाक्य त्या बोलण्यात इतक्या वेळा येतं, की त्याला कसं उत्तर द्यायचं हाही निगेचाच भाग म्हणावा लागेल.

हे पुस्तक आत्ता का, याचं उत्तर जिमच्या दारात उभं राहिलं की मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून डॉक्टर पन्नाशीच्या बायकांना वजनं उचलायला पाठवतात. त्यांची कातडी पातळ झालेली असते, जखम उशिरा भरते, आणि त्यांना समजावणारा प्रशिक्षक बहुधा पंचविशीतला मुलगा असतो, ज्याला या गोष्टी कधी जाणवलेल्याच नसतात. दुसऱ्या टोकाला शाळकरी मुली आहेत. मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने २०२२ साली मेक्सिकोतल्या लिऑन इथे जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात रौप्यपदक मिळवलं, आणि त्याच महिन्यात सांगलीच्या काजोल सरगरने पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्ण. छोट्या शहरांतल्या तालमींमध्ये आता त्यांच्यामागून पुष्कळ मुली बारला हात लावतायत. त्या वयात पकडीची सवय चुकीची लागली तर ती पुढे सुटायला वर्षं जातात. या दोन्ही टोकांच्या बायकांना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना मराठीत वाचायला फारसं काही नव्हतं.

हे पुस्तक काय करू पाहतं, ते थोडक्यात सांगते. एका नियमाने सगळ्यांचे हात राखता येतील असा दावा त्यात नाही. मुंबईत जुलैमध्ये हात घामाने ओले राहतात, नागपुरात जानेवारीत तडकतात. दोघींना एकच सल्ला देऊन चालत नाही. म्हणून मांडणी ऋतू, खेळ, वय आणि घरकाम यांच्या अंगाने केली आहे. महागड्या साधनांची शिफारस मुद्दाम टाळली आहे. वजरी, नेलकटर, बारीक कानस, पेट्रोलियम जेली, चिकटपट्टी आणि चॉक यांच्यापलीकडे फारसं काही लागत नाही, आणि ज्या जिममध्ये पूड चालत नाही तिथे द्रवरूप चॉक. त्वचारोगतज्ज्ञ, प्रशिक्षक आणि लिफ्टर बायका यांची मतं जिथे जुळली नाहीत तिथे ती तशीच ठेवली आहेत. फोड फोडावा की नाही, फाटलेला पापुद्रा कापावा की जागेवर बसवावा, यावर तुम्हाला दोन बाजू दिसतील. वाचकाला दोन्ही बाजूंची कारणं कळली, की तिच्या हाताला काय सोसतं ते ती ठरवू शकते.

काही गोष्टींत मात्र मतभेदाला जागा नाही, आणि त्या पुस्तक पूर्ण वाचून होईपर्यंत थांबणाऱ्या नाहीत. कडक उंचवट्यावर कातडीच्या रेषा तुटलेल्या दिसल्या आणि बारीक काळे ठिपके असले, तर तो घट्टा नाही, चामखीळ आहे. ती विषाणूमुळे होते, घासली तर पसरते, आणि सगळ्यांचा हात लागणाऱ्या बारवरून ती दुसरीकडेही जाऊ शकते. तिच्यावर वजरी फिरवू नका. फाटलेल्या जागेतून पू येत असेल, लाली मनगटाकडे चढत असेल किंवा ताप आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि गंजक्या बारने जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या लशीचं विचारा. आणि नखात, कुठलाही मार न लागता, वरपासून खालपर्यंत काळी किंवा तपकिरी रेघ उमटली आणि नख वाढलं तरी ती पुढे सरकली नाही, तर रंग लावून ती झाकण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.